विश्वाच्या घटाला कुंभार हवाच काय?

घट दिसला की कुंभार मानलाच पाहिजे, ही आपल्या नैयायिकांची आवडती युक्ती. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हाच पक्ष मांडला: जग हे कार्य, म्हणून त्याला कर्ता हवा. मीमांसकांनी मुळावरच घाव घातला. घट घडताना आपण पाहतो; पण सारे जग एकदा घडले, हे पाहिले कोणी?

विसाव्या शतकात हा वाद दुर्बिणीच्या वाटेने पुन्हा दाराशी आला. आणि गंमत अशी की, त्याच्या मध्यभागी एक कॅथलिक धर्मगुरू उभा होता! बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढले, १९२३ साली धर्मगुरू झाले आणि १९२७ साली विश्व प्रसरण पावत आहे असे त्यांनी गणिताने मांडले. १९३१ साली ते म्हणाले की, हा सारा पसारा एका आदिम अणूच्या विघटनातून निघाला असावा.

इंग्लंडच्या फ्रेड हॉईल यांना हा आरंभ मुळीच पटला नाही. विश्व अनादि आहे, प्रसरणाने पडणारी पोकळी नवे द्रव्य भरून काढते, असे त्यांचे म्हणणे. कोल्हापुरात जन्मलेले आपले जयंत नारळीकर (१९३८–२०२५) पुढे त्यांचेच सहकारी झाले.

१९५१ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी, विज्ञानही आता सृष्टीच्या निर्मितीची व निर्मात्याची साक्ष देते, अशा आशयाचे भाषण केले. दुसरा कोणी धर्मगुरू असता, तर हर्षभरित झाला असता. लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नापासून अलिप्त आहे, तो नास्तिकालाही तितकाच मोकळा आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांची भीती रास्तच होती. उद्या गणित बदलले, तर त्यावर टेकलेल्या श्रद्धेचे काय व्हावे?

१९६५ साली पेन्झियास व विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे मंद प्रारण सापडल्याचे जाहीर झाले. विश्व एके काळी अतितप्त व दाट होते, याचा तो मोठाच पुरावा. १९६६ साली मृत्यूपूर्वी थोडेच दिवस ही वार्ता लमेत्र यांच्या कानी पडली.

तरीही वाद मिटला नाही, आणि मिटावा कसा? दुर्बीण फार तर घटाचे वय सांगेल. कुंभार आहे की नाही, हा प्रश्न तिने सोडविला, असे आस्तिकाने म्हणू नये आणि नास्तिकानेही म्हणू नये.