सूक्ष्म जलविद्युत

सूक्ष्म जलविद्युत म्हणजे ओढे, झरे किंवा लहान नद्यांच्या वाहत्या पाण्यापासून साधारणतः १०० किलोवॅटपर्यंत वीज निर्माण करण्याची पद्धत होय. मुख्य वीजवाहिन्यांपासून दूर असलेल्या डोंगराळ वस्त्यांना स्थानिक पातळीवर वीज पुरवण्यासाठी ती वापरली जाते. भारतात २५ मेगावॅटपर्यंतचे जलविद्युत प्रकल्प ‘लघु’ या वर्गात मोडतात; त्यांपैकी १०० किलोवॅटपर्यंतच्या प्रकल्पांना ‘सूक्ष्म’, तर १०१ किलोवॅट ते २ मेगावॅट क्षमतेच्या प्रकल्पांना ‘मिनी’ असे म्हणतात. अशा प्रकल्पांत सहसा मोठा जलाशय नसतो. त्यामुळे जमीन बुडत नाही. मात्र पाण्याचा साठा नसल्याने वीजनिर्मिती त्या त्या ऋतूतील प्रवाहावर अवलंबून राहते.

रचना आणि कार्य

ओढ्यावर ठेंगणा बंधारा बांधून पाण्याचा काही भाग पाटात वळवला जातो. वाटेत एका टाकीत वाळू व गाळ खाली बसतो. डोंगरउतारावरील भरणटाकीतून पाणी दाबनळाने वेगाने खाली येते, टर्बाइन फिरवते आणि पुन्हा ओढ्यात सोडले जाते. टर्बाइनला जोडलेल्या जनित्रात वीज तयार होते.

मिळणारी शक्ती प्रवाह आणि पाण्याच्या पतनाची उंची (जलशीर्ष) यांवर ठरते. प्रवाह (घनमीटर प्रतिसेकंद), जलशीर्ष (मीटर), ९.८१ आणि संचाची कार्यक्षमता यांचा गुणाकार केला असता शक्ती किलोवॅटमध्ये मिळते. उदाहरणार्थ, ४० मीटर उंचीवरून सेकंदाला ५० लिटर पाणी येत असेल आणि कार्यक्षमता ५५ टक्के असेल, तर सुमारे ११ किलोवॅट वीज मिळते. उन्हाळ्यात हाच प्रवाह निम्म्यावर आल्यास वीजही साधारण निम्मी होते. म्हणून प्रकल्पाची क्षमता ठरवण्यापूर्वी कोरड्या महिन्यांतील प्रवाह मोजणे आवश्यक असते.

जलशीर्ष जास्त आणि पाणी कमी असल्यास पेल्टन टर्बाइन वापरतात. मध्यम जलशीर्षासाठी क्रॉसफ्लो टर्बाइन सोयीचे ठरते. त्याची पाती पोलादी नळ कापून साध्या कार्यशाळेतही बनवता येतात. गावातील दिवे एकाएकी बंद झाले, की भार घटून टर्बाइनची गती आणि विजेचा दाब वाढतो. हे टाळण्यासाठी इलेक्ट्रॉनिक भारनियंत्रक बसवतात. तो शिल्लक वीज तापककांडीकडे वळवून जनित्रावरील एकूण भार स्थिर ठेवतो.

नेपाळमधील अनुभव

नेपाळच्या डोंगराळ भागात पाण्यावर चालणारी पिठाची चक्की, म्हणजे ‘घट्ट’, पूर्वापार प्रचलित आहे. काठमांडूतील बालाजू यंत्रशाळा आणि बुटवल येथील कार्यशाळांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लहान टर्बाइनांची निर्मिती सुरू केली. आरंभी ही टर्बाइने दळण, भातसडाई आणि तेलगाळप यांसाठी वापरली जात. पुढे त्यांनाच जनित्र जोडून संध्याकाळी दिव्यांना वीज देण्यात येऊ लागली. अक्कलमान नकर्मी यांनी विकसित केलेला ‘पेल्ट्रिक सेट’ हा पेल्टन चक्र आणि जनित्र एकत्र असलेला छोटा संच तेथे लोकप्रिय झाला. १९८४ साली १०० किलोवॅटपर्यंतचे प्रकल्प परवानामुक्त करण्यात आले. १९९६ साली स्थापन झालेल्या वैकल्पिक ऊर्जा प्रवर्धन केंद्रामार्फत त्यांना अनुदान व तांत्रिक साहाय्य मिळू लागले.

व्यवस्थापन आणि मर्यादा

अशा प्रकल्पाचे यश यंत्राइतकेच व्यवस्थापनावर अवलंबून असते. पाट साफ ठेवणे, दरड कोसळल्यास तो दुरुस्त करणे, चालकाचे वेतन देणे आणि वीजबिल वसूल करणे ही कामे गावाच्या समितीला करावी लागतात. केवळ संध्याकाळचे दिवे हाच वापर असेल, तर दिवसभराची वीज वाया जाते आणि उत्पन्न अपुरे पडते. दिवसा गिरणी, सुतारकाम किंवा इतर उद्योगांना वीज विकता आली, तर दुरुस्तीसाठी निधी उभा राहतो.

राष्ट्रीय वीजजाळे गावात पोहोचल्यावर ग्राहक तिकडे वळतात आणि गावाने उभारलेला संच बंद पडण्याचा धोका निर्माण होतो. संच जाळ्याला जोडून वीज विकणे हा त्यावरील एक पर्याय आहे. नुवाकोट जिल्ह्यातील २३ किलोवॅटचा स्यौरेभूमी प्रकल्प २०१८ साली अशा प्रकारे नेपाळच्या राष्ट्रीय जाळ्याला जोडण्यात आला.

महाराष्ट्र

सह्याद्रीतील बहुतेक ओढे पावसाळ्यानंतर आटत जातात. त्यामुळे बारमाही प्रवाह असलेल्या हिमालयाच्या तुलनेत येथे या पद्धतीला मर्यादा येतात. सातपुड्यातील नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यातील बिलगाव या आदिवासी गावात २००३ साली १५ किलोवॅट क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. उदई नदीवरील या प्रकल्पासाठी ग्रामस्थांनी श्रमदान केले, तर केरळमधील अभियंत्यांनी तांत्रिक मार्गदर्शन केले. गावातील पाड्यांना त्यातून वीज मिळू लागली. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्याचे पाणी या भागात शिरले आणि हा प्रकल्प बुडाला. गावाने स्वतः उभारलेली वीज एका मोठ्या जलविद्युत व सिंचन प्रकल्पाच्या पाण्याखाली गेल्यामुळे मोठी धरणे आणि स्थानिक ऊर्जा यांविषयीच्या चर्चेत बिलगावचा उल्लेख केला जातो.