कीपॅडच्या मोबाइलवरची सुट्टी आणि आपला अंगठा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की ओपीडीत एक तक्रार ठरलेली असते. "डॉक्टरसाहेब, पोट्टं दिवसभर मोबाइल घेऊनच बसते, आता म्हणते अंगठा दुखते." सोबत आलेले वडील लगेच जोडतात, "आमच्या वेळी असं नव्हतं." यावर मी फक्त विचारतो, "तुमच्या वेळी कोणता मोबाइल होता?" मग वडील जरा हसतात. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या पिढीनं, रिठद असो, रिसोड असो की वाशीम, बटणांच्या मोबाइलवर अंगठे चांगलेच झिजवले आहेत. फरक होता, पण तो तुम्हाला वाटतो तिथे नव्हता. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

मोबाइलवरचा पहिला गेम म्हणून टेट्रिसचं नाव घेतलं जातं. 1994 साली हागेनुक नावाच्या कंपनीच्या फोनमध्ये तो आला. पण सगळ्या जगाला वेड लावलं ते सापानं. नोकियाचा अभियंता तानेली अर्मांटो यानं तयार केलेला 'स्नेक' 1997 मध्ये नोकिया 6110 वर आला. आपल्याकडे तो पोचायला काही वर्षं जावी लागली, कारण तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि त्याच वर्षी टॉर्चवाला नोकिया 1100 बाजारात आला. रात्री मोटर चालू करायला शेतात जाणाऱ्याला टॉर्च हवा होता, त्याच्या पोराला साप. हा फोन जगात 25 कोटींहून अधिक विकला गेला.

नंतर रंगीत पडद्याचे, जावा चालणारे फोन आले आणि कोड्यांचे गेम सुरू झाले. त्यातला सगळ्यात चिवट प्रकार म्हणजे सारख्या तीन वस्तू एका ओळीत आणायच्या, की त्या फुटतात आणि वरून नव्या पडतात. ही कल्पना 1994 मधल्या 'शारिकी' या रशियन गेममधली. 2001 मध्ये 'बिज्वेल्ड'नं ती जगभर नेली. मोबाइलवर तिच्या असंख्य नकला निघाल्या आणि डिसेंबर आला की त्याच गेमला नाताळाचा पोशाख चढवला जाई. हिऱ्यांच्या जागी घंटा, तारे, लाल मोजे, बर्फाचे कण. आत गेम तोच. पुढे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घेताना असे गेम गाण्यांबरोबर आपोआप यायचे. त्यामुळे मे महिन्यात, पारा 42 च्या पुढे असताना, कडुनिंबाच्या सावलीत बसून पोरं बर्फाचे कण ओळीत लावायची. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सण कुठला का असेना, सुट्टी आपलीच होती! मुंबईतही 1999 मध्ये सुरू झालेली विशाल गोंडल यांची इंडियागेम्स मोबाइलसाठी गेम बनवत होती. क्रिकेटचे आणि हिंदी सिनेमांवरचे तिचे गेम अनेकांनी खेळले असतील.

आता अंगठ्याकडे पाहू. या गेममध्ये 2, 4, 6, 8 या बटणांनी चारी दिशांना जायचं आणि 5 नं निवडायचं. एक तारा उचलून शेजारी ठेवायचा तर चार-पाच वेळा बटण दाबावं लागे, तेही चांगला जोर देऊन, कारण दुसऱ्याकडून घेतलेल्या जुन्या फोनचं रबर आधीच निबर झालेलं असे. टचस्क्रीनवर तेच काम एका हलक्या सरकवण्यात होतं. म्हणजे एका चालीचा हिशोब केला तर जुना फोन अंगठ्याला जास्त जड होता.

तरीही तेव्हा तक्रारी कमी दिसायच्या. माझ्या मते त्याचं कारण असं की तो खेळ सारखा कशाने ना कशाने थांबत असे. फोन वडिलांचा, आणि वडील शेतात निघाले की फोन त्यांच्या खिशात. कॉल आला की गेम बंद. फुकटचा नमुना असेल तर दोन-तीन लेव्हलनंतर पैसे मागणारी पाटी, आणि बॅलन्समधून पैसे कापले गेले तर घरी बोलणी. शिवाय गेम मुळातच लहान. काही जुन्या नोकियांवर एका गेमला जेमतेम 64 केबी जागा मिळायची, त्यात किती लेव्हल मावणार? शेवटची लेव्हल झाली की खेळ संपे. 2012 मध्ये आलेला 'कँडी क्रश' त्याच तीनच्या ओळीचा आहे, पण त्याला शेवट नाही, नव्या लेव्हल येतच राहतात. त्यात पाच जीव संपले की वाट पाहावी लागते हे खरं, पण ती वाट पैसे भरून टाळता येते. तो थांबा तुमच्या अंगठ्यासाठी ठेवलेला नाही.

वैद्यकशास्त्राला हे दुखणं मोबाइलच्या फार आधीपासून माहीत आहे. अंगठा बाहेर ओढणारे दोन टेंडन मनगटाच्या कडेला एका अरुंद बोगद्यातून जातात. तेच काम पुन्हापुन्हा झालं की बोगद्याचं आवरण जाड होतं आणि प्रत्येक हालचालीला कळ येते. 1895 मध्ये स्विस सर्जन फ्रिट्झ द केर्व्हॅं यांनी याचं वर्णन केलं, म्हणून आजाराला त्यांचं नाव. इंग्रजीत याला पूर्वी धोबिणीचा लचका म्हणत. आपल्या भागात कापूस वेचणाऱ्या आणि निंदण करणाऱ्या बायांत, आणि त्याहून जास्त बाळंतिणींत, बाळाला सारखं काखेत हात घालून उचलल्यामुळे, हा आजार मी पाहत आलो आहे. त्यांना मात्र "मोबाइल कमी करा" असं सांगून परत पाठवणं चूक आहे. घरातल्यांनीही हे लक्षात घ्यावं.

खेळामुळे आलेलं असं एक दुखणं 1990 मध्ये नियतकालिकात आलं. 35 वर्षांची एक बाई निन्टेंडोचा गेम न थांबता पाच तास खेळली आणि अंगठ्याच्या तीव्र वेदनेनं डॉक्टरकडे गेली. ब्रॅसिंग्टन या डॉक्टरांनी त्याला 'निन्टेंडिनायटिस' असं गमतीचं नाव दिलं. 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्पेनमधली एक केस आली. पेशंट स्वतः डॉक्टर, 27 आठवड्यांची गरोदर. नाताळच्या आदल्या दिवशी ती ड्युटीवर होती. दुसऱ्या दिवशी साचलेल्या सगळ्या शुभेच्छांना तिनं उत्तरं दिली. 130 ग्रॅमचा फोन, निदान सहा तास. सकाळी उठली तर दोन्ही मनगटं दुखत होती. फोन बंद ठेवायला सांगितलं, तरी 31 डिसेंबरला ती पुन्हा मेसेज करत होती! डॉक्टरच सर्वांत अवघड पेशंट असतात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

या दोन्ही केस नीट पाहा. वर्षभर रोज थोडं खेळणाऱ्याचं हे दुखणं नाही. ज्या हाताला सवय नाही, त्याच्यावर एका दिवसात पाच-सहा तासांचा भार आला. सुट्टीत नेमकं हेच होतं. शाळेची घंटा नाही, कोणी उठवत नाही, आणि आता फोनही स्वतःचा.

तिसरी केस मला जास्त काळजीची वाटते. 2015 मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ती छापली गेली. 29 वर्षांचा तरुण, तीन वस्तू ओळीत लावायचाच गेम, सहा ते आठ आठवडे जवळजवळ दिवसभर. डाव्या अंगठ्याचा सरळ करणारा टेंडन चक्क तुटला आणि ऑपरेशन करावं लागलं. विशेष म्हणजे खेळताना त्याला वेदना जाणवली नव्हती. रमलेल्या माणसाला दुखणं कमी कळतं, हे दाताच्या डॉक्टरकडे मुलाला कार्टून लावून देणाऱ्या आईला माहीतच असतं. पण त्याचा अर्थ असा की "दुखलं की थांबतो" हा मुलाचा वायदा भरवशाचा नाही. दर वीस मिनिटांनी घरातल्या कोणीतरी हाक मारणं जास्त उपयोगाचं. वडिलांनी फोन मागून घेणं तेव्हा हेच काम करत होतं.

घरी एक तपासणी करून पाहा. अंगठा मुठीत दाबा आणि मनगट हळूच करंगळीकडे झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेला जोराची कळ आली तर हा आजार असू शकतो. (या तपासणीला सगळे फिंकेलस्टाइनचं नाव देतात, खरी ती आयशहॉफ यांची.) निरोगी हातालाही थोडा ताण जाणवतो, म्हणून दोन्ही बाजू तपासून तुलना करा. बहुतेकांना विश्रांती आणि अंगठ्यासकट मनगटाला आधार देणारा पट्टा यांनी बरं वाटतं. नाहीच वाटलं तर त्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, आणि क्वचित छोटं ऑपरेशन. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून आठवडाभर खाऊ नका, विशेषतः किडनीचा त्रास, अ‍ॅसिडिटी किंवा गरोदरपण असेल तर.

रात्री पहिल्या तीन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल तर ते वेगळं दुखणं आहे, मनगटातल्या नसेचं. डायबेटिस असेल आणि बोट वाकून अडकत असेल तर तेही वेगळं. आणि अंगठा अचानक सरळच होत नसेल, दुखो वा न दुखो, तर सुट्टी संपायची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवायला या.