मागल्या दाराचा इतिहास

अमेरिकेत व्हर्जिनियात थॉमस जेफरसनची मॉन्टिसेलो ही जतन केलेली हवेली बघितली. सगळी माणसं समान, असं 1776 साली लिहिणारा हाच. आयुष्यभरात याच्या मालकीचे गुलाम 600 च्या वर!

जोसेफ फॉसेट तिथला लोहार. 1826 ला जेफरसन मेला. मृत्युपत्रात जोसेफची सुटका लिहिलेली, बायको-पोरांची नाही. कर्जापायी जानेवारी 1827 ला 130 माणसांचा लिलाव पुकारला. जोसेफची एडिथ आणि पोरं विकली गेली.

याच राज्यात लोक जुने डगले चढवून यादवी युद्धातल्या लढाया पुन्हा लढून दाखवतात. निळ्या डगल्यात काळी माणसंही उभी राहतात. न्यू मार्केट हाइट्सला, 29 सप्टेंबर 1864 रोजी, काळ्या पलटणी लढल्या; 14 काळ्या शिपायांना सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. पण त्याच जूनपर्यंत गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर, काळ्याच्या हातात 7. खेळात दारूचा धूर दिसतो, पगाराचा कागद दिसत नाही.

म्हणून सांगतो, आपल्याकडचा वाडा बघायला गेलात तर दिवाणखान्यात रमू नका. मागल्या दाराला जा. इथं राबलं कोण, विचारा. सांगणार नाहीत. मग तुम्ही शोधा, तुम्हीच लिवा.