सागरी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड

सागरी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हा शिडाच्या नौकेवरील डिझेल इंजिनाच्या सर्व सिलिंडरांतील ज्वलनवायू एकत्र करून बाहेर नेणारा ओतीव भाग होय. बंदिस्त इंजिनकक्ष तापू नये म्हणून त्याची भिंत बहुधा दुहेरी असते व मधल्या पोकळीतून पाणी किंवा शीतकद्रव फिरते.

बिघाड

क्षरण, अतितापन आणि थंडीत आत गोठलेले पाणी ही बिघाडाची प्रमुख कारणे होत. आतील भिंतीस छिद्र पडल्यास पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हमार्गे सिलिंडरात शिरू शकते. पाणी दाबले जात नसल्याने इंजिन सुरू करताना कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका असतो. सांध्यातून वायू गळल्यास रंगहीन, गंधहीन कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये साचून प्राणघातक ठरू शकतो.

दुरुस्ती

शीतकद्रव काढून व गंजलेल्या स्टडवर भेदक तेल सोडून मॅनिफोल्ड उतरवतात. पोकळीची तोंडे बंद करून आत हवेचा माफक दाब दिला व तो पाण्यात बुडवला, की बुडबुड्यांवरून गळती सापडते. बिडातील तडा पूर्वतापन करून निकेलच्या इलेक्ट्रोडने सांधतात आणि भाग सावकाश निवू देतात. तो एकदम थंड झाल्यास शेजारी नवा तडा जाऊ शकतो. क्षरणाने भिंतच पातळ झाली असल्यास वेल्डिंग टिकत नाही. अशा वेळी मॅनिफोल्ड बदलणे श्रेयस्कर.

पुन्हा बसवताना जोडपृष्ठाचा सपाटपणा सरळ पट्टी व फीलर गेजने तपासतात, नवे गॅस्केट घालतात आणि नट मध्यापासून कडांकडे टप्प्याटप्प्याने आवळतात. त्यानंतरही शीतकद्रवाची पातळी घटत राहिल्यास किंवा इंजिन ऑइल दुधाळ दिसल्यास गळती शिल्लक असण्याचा संभव असतो.