एका जुन्या निशाणाची जपणूक

आपल्याकडे घरोघरी जुन्या पेटीत आजीचे एखादे लुगडे किंवा शालू घडी करून ठेवलेला असतो. दहा वर्षांनी पेटी उघडावी, तो शालू नेमका घडीवर चिरलेला! कोणी नेसले नाही, कोणी धुतले नाही. मग फाटला कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आज आपण जरा दूर, अमेरिकेत जाऊ या.

सन १८१३. अमेरिकेचे इंग्रजांशी युद्ध चालू होते. बाल्टिमोर बंदराच्या तोंडाशी मॅकहेन्री नावाचा किल्ला आहे. तिथले किल्लेदार मेजर आर्मिस्टेड यांना शत्रूला लांबून दिसेल असे प्रचंड निशाण हवे होते. ते काम मेरी पिकर्सगिल या विधवा बाईंकडे आले. निशाणे शिवणे हाच त्यांचा धंदा. मुलगी आणि भाच्या हाताशी होत्याच. शिवाय काही वर्षांच्या कराराने बांधलेली ग्रेस विशर ही कृष्णवर्णीय मुलगीही त्या घरात कामाला होती. स्वातंत्र्याच्या निशाणाला बांधलेल्या मुलीचे हात लागले, हेही इतिहासाने विसरू नये. निशाण ३० फूट रुंद आणि ४२ फूट लांब! घरात मावेना, म्हणून जवळच्या दारूभट्टीच्या प्रशस्त जमिनीवर पसरून ते शिवले. पट्टे लोकरी कापडाचे, तारे सुती. मजुरी-सामानासह मोल झाले ४०५ डॉलर ९० सेंट.

पुढच्या वर्षी, १३ सप्टेंबर १८१४ रोजी, इंग्रजी आरमाराने किल्ल्यावर सुमारे २५ तास तोफगोळ्यांचा मारा केला. १४ तारखेला सकाळी हे निशाण किल्ल्यावर फडकताना फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने जहाजावरून पाहिले आणि त्याला गीत सुचले. तेच १९३१ साली अमेरिकेचे राष्ट्रगीत ठरले.

आता गंमत पाहा. तोफांच्या माऱ्यातून निशाण सुटले, पण प्रेमाच्या माऱ्यातून सुटले नाही! ते आर्मिस्टेड घराण्यात राहिले. लढाईतले जुने शिपाई, थोर पाहुणे, ओळखीचे लोक येत आणि आठवण म्हणून एक तुकडा मागत. घरच्या मंडळींना नाही म्हणवेना. कात्री चालू लागली. वाऱ्यानेही कडा झिजवली होतीच. मिळून आठ फूट लांबी गेली, आणि पंधरांपैकी एक ताराही गेला. देणारा भक्तीने देई, घेणारा भक्तीने घेई. निशाण मात्र संपत चालले होते.

अखेर नातू एबेन ॲपलटन यांनी १९०७ साली ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवायला दिले आणि १९१२ साली कायमचे दान केले. १९१४ साली अमेलिया फाउलर या निष्णात बाईंनी शिवणकाम करणाऱ्या बायका हाताशी घेऊन त्याला तागाच्या कापडाचे अस्तर लावले. टाके किती? सुमारे १७ लाख! त्या अस्तराने निशाण तगले. पण पुढे तेच अस्तर जड झाले, टाके ताणू लागले. म्हणून १९९८ साली ते भिंतीवरून उतरवून ते लक्षावधी टाके एकेक कापून काढले. तोंडाला पावडर लावायच्या मऊ स्पंजाने धूळ टिपली आणि मागे हलके, विरळ कापड लावले. गेलेला भाग मात्र नवा शिवून जोडला नाही. जेवढे उरले तेवढेच खरे, असा त्यामागचा विचार. २००८ सालापासून ते अंधुक उजेडाच्या दालनात, किंचित उतरत्या फळीवर निजवून ठेवले आहे.

जुनी निशाणे जमवणारे लोकही अमेरिकेत पुष्कळ. ते आधी तारे मोजतात. १७७७ च्या ठरावाने १३ तारे आले, पुढे राज्ये वाढली तसे तारे वाढले. १९६० साली ५० झाले. पण नुसते तारे मोजून भागत नाही, बरं का! १३ ताऱ्यांची निशाणे शंभर वर्षांनंतरच्या उत्सवासाठीही शिवली गेली. म्हणून जाणकार कापड, दोरा आणि टाके पाहतो. यंत्राची शिवण दिसली, तर ते निशाण १७७७ चे नव्हे, हे उघडच आहे; शिवणयंत्र एकोणिसाव्या शतकातले. शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना हीच दृष्टी द्यावी: ऐकीव गोष्ट आणि वस्तूची साक्ष ताडून पाहावी.

आता आपल्या शालूकडे वळू. तो फाटला कारण वर्षानुवर्षे एकाच घडीवर धागा मोडत राहिला. उन्हाने रंग उडतो, धागा ठिसूळ होतो; दमटपणाने बुरशी धरते; कसर लोकर-रेशीम खाते. म्हणून शाळेतले जुने निशाण, देवळातला पटका किंवा घरातले जुने वस्त्र उन्हात टांगू नये, घाईने धुऊ नये, इस्त्री करू नये, टाचण्या टोचू नयेत. स्वच्छ धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात सैल गुंडाळावे आणि अधूनमधून उघडून पाहावे. सोबत एक चिठ्ठी ठेवावी: हे कोणाचे, केव्हाचे, कोणी दिले.

आणि कोणी भक्तिभावाने तुकडा मागितला, तर त्याला हात जोडून सांगावे: बाबा, दर्शन घे, कात्री मात्र मागू नकोस.