भीमथडीचे तट्टू आणि माळावरचा वाडा



मराठ्यांनी भीमथडीच्या तट्टांना यमुनेचे पाणी पाजले, हे वाक्य आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. पाणी पाजणारे कोण, हे आपणांस पाठ असते. शिंदे, होळकर, पवार ही नावे मुले धडाधड सांगतात. पण जे पाणी प्याले ते तट्टू कसे होते, कोणत्या गवतावर वाढले आणि फौजा मोडल्यावर त्याचे पुढे काय झाले, हे फारसे कोणी विचारीत नाही. आज मी त्या तट्टाविषयी बोलणार आहे. स्वारांविषयी पुष्कळ बोलून झाले आहे.

थडी म्हणजे नदीचा काठ. भीमा आणि नीरा या नद्यांच्या काठचा मुलूख तो भीमथडीचा मुलूख. सह्याद्री ओलांडून पावसाचे ढग इकडे येईपर्यंत रिते झालेले असतात. त्यामुळे येथे दाट जंगल नाही. आहे तो माळ, मुरमाड जमीन आणि तीवर कुसळी, पवन्या, मारवेल असले गवत. पावसाळ्यात चार महिने हिरवे, पुढे आठ महिने पिवळे. या गवतावर जे जनावर पोसले जाते ते अंगाने फार मोठे होत नाही, परंतु चिवट होते. भीमथडीचे घोडे असेच आहे. खांद्यापाशी उंची सव्वाचार फुटांच्या आसपास. छाती भरलेली, पाय बारीक पण टणक, खूर कठीण. अरबस्तानातून आणि इराणातून समुद्रमार्गे उमदी घोडी दख्खनच्या बंदरांत शतकानुशतके उतरत होती. त्यांचे रक्त इथल्या घोड्यांत मिसळत गेले आणि ही जात घडली, असे मानतात.

आपल्या भाषेने मात्र या प्राण्याला फार मान दिलेला नाही. ‘भाड्याचे तट्टू’ ही शिवीच झाली. राजाचा तो अश्व, सरदाराचा तो घोडा आणि गरिबाचे ते तट्टू! पुल्लिंग जाऊन नपुंसकलिंग आले, येथेच सगळा हिशेब कळतो.

लहान घोड्यांची कथा जगात सर्वत्र थोडीफार अशीच आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेस समुद्रात शेटलंड नावाची बेटे आहेत. वारा इतका की झाड धड उभे राहत नाही, चारा तुटपुंजा. तेथील तट्टू जास्तीत जास्त साडेतीन फूट उंच. बेटावरची माणसे त्याच्याकडून जळणासाठी वाळवलेल्या मातीचे गठ्ठे वाहून घेत. पुढे 1842 साली इंग्लंडात कायदा झाला आणि कोळशाच्या खाणीत खाली लहान मुलांना राबवण्यास बंदी आली. मग मुलांच्या जागी ही बेटावरची तट्टे खाणीत उतरवण्यात आली. त्यांतली कित्येक सूर्यप्रकाश न बघता मेली. दूरच्या बेटावरचे जनावरही शेवटी मोठ्या जगाच्या कामाला जुंपले गेलेच. आपल्या तट्टाला बेट नव्हते, माळ होता. त्याला जुंपले गेले ते लढाईला.

शिवछत्रपतींच्या घोडदळाची रचना कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत दिली आहे. ती इतिहासाच्या शिक्षकांना परिचित असेल. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचे घोडे घेऊन येणारा तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. येथपर्यंत आपण मुलांना शिकवतो. पण त्याच ओळीत पुढे आहे की, पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असावा. म्हणजे पाणी देणारा एक आणि नाल ठोकणारा एक. माझ्या मते सगळ्या रचनेचे मर्म या दोन माणसांत आहे. घोडे तहानले किंवा त्याचा खूर फुटला तर वरचा स्वार कितीही शूर असला तरी तो पायीच! नालबंदाचे नाव कोणत्याही पोवाड्यात येत नाही, ही गोष्ट वेगळी.

औरंगजेब 1681 साली दख्खनेत उतरला आणि 1707 साली येथेच मेला. त्याच्या सव्वीस वर्षांच्या मोहिमेत बादशाही छावणी म्हणजे एक चालते शहर होते. हत्ती, तोफा, तंबू, बाजार. मोठ्या तुर्की-इराणी घोड्यांना रोजची चंदी लागे, म्हणजे दाणा लागे. तो दुरून आणावा लागे आणि वाटेत मराठे तो लुटीत. मराठ्याचे तट्टू मात्र माळावर सोडले की स्वतःचे पोट स्वतः भरी. गनिमी काव्याची अनेक कारणे आपण सांगतो. डोंगर सांगतो, किल्ले सांगतो. त्यांत हे वाळक्या गवताचे कारणही सांगायला हवे. याची उलटी बाजू पानिपतावर दिसली. छावणीची कोंडी झाली, माणसांना धान्य मिळेना आणि जनावरांना वैरण मिळेना. 14 जानेवारी 1761 रोजी जी घोडी रणात उतरली, ती आधीच उपासाने अर्धी झाली होती. जेथे चरायला मोकळा माळ नाही, तेथे या तट्टाचा मोठा गुणच निकामी झाला.

आता आमच्या चांदवडकडे येतो. मुंबई-आग्रा रस्त्याने जाणाऱ्याला डोंगराच्या कुशीत हे गाव लागते. गावात होळकरांचा रंगमहाल आहे, अहिल्याबाईंच्या काळचा. लाकडी खांबांवरील कोरीव काम आणि भिंतींवरची चित्रे पाहायला शाळांच्या सहली येतात. येथे होळकरांची टांकसाळ होती आणि चांदवडी रुपया दूरवर चालत असे. पण होळकरांच्या घराण्याचा आरंभ महालात झालेला नाही. नीरेच्या काठी होळ नावाचे गाव आहे, त्यावरून होळकर. मल्हाररावांचा जन्म 1693 सालचा. वडील लहानपणीच वारले आणि आई त्यांना घेऊन खानदेशात तळोद्याला भाऊ भोजराज बारगळ यांच्याकडे आली. तेथे मल्हारराव मेंढ्या राखीत. मामांचे स्वारांचे छोटे पथक होते, ते कदम बांडे सरदारांच्या चाकरीत असे. मेंढ्यांमागून तो मुलगा त्या पथकात गेला आणि पुढे माळव्याचा सुभेदार झाला.

पुष्कळ लोक ही हकीकत चमत्कारासारखी सांगतात. मला त्यात चमत्कार वाटत नाही. मेंढपाळाच्या मुलाला तट्टू नवीन नसते. कोठे पाणी आहे, कोठे उतार आहे, रात्री मुक्काम कोठे टाकावा, अंधारात कळप कसा हलवावा, हे त्याला बाळकडूतून मिळालेले असते. स्वाराला याहून वेगळे काय शिकायचे असते?

1804 साली इंग्रजांनी चांदवड घेतले. ते पुन्हा होळकरांकडे आले. पुढे 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारी 1818 मध्ये मंदसोरचा तह झाला आणि चांदवड कायमचे गेले. फौजा मोडल्या, पागा ओस पडल्या. काही शिलेदार इंग्रजांच्या रिसाल्यांत शिरले. शिलेदारीची पद्धत इंग्रजांनीही पहिल्या महायुद्धापर्यंत चालू ठेवली होती. परंतु त्यांच्या रिसाल्यांना उंच घोडी पसंत पडू लागली, ऑस्ट्रेलियातून जहाजे भरून घोडी येऊ लागली. भीमथडीचे तट्टू लष्करातून उतरले. ते नाहीसे झाले असे पुस्तकांतून लिहिलेही गेले.

ते नाहीसे झाले नव्हते. ते जेथून आले होते तेथे परत गेले होते, धनगरांच्या वाड्यावर.

वाडा म्हणजे चिरेबंदी वाडा नव्हे. मेंढ्यांचे कळप घेऊन काही कुटुंबे एकत्र हिंडतात, त्या बिऱ्हाडाला वाडा म्हणतात. दिवाळी झाली की नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतले अनेक वाडे घाट उतरून ठाणे-पालघरच्या बाजूला जातात आणि पावसाच्या तोंडाशी परत वर येतात. कोकणात पाऊस फार. मेंढीला ओली जमीन सोसत नाही, खूर सडतात. म्हणून ही ये-जा. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. रात्रभराच्या लेंडीखताबद्दल धान्य किंवा पैसे देतात.

या वाड्याचे सगळे घर तट्टाच्या पाठीवर असते. भांडी, पीठ, घोंगड्या, पाण्याचे हंडे, मेंढ्या कोंडायच्या जाळ्या म्हणजे वाघरी. वर पाय बांधलेल्या कोंबड्या. आदल्या रात्री जन्मलेली, अजून चालता न येणारी कोकरे झोळीत. आणि या सगळ्यावर एखादे दोन-तीन वर्षांचे मूल, ऐटीत बसलेले! चांदवडजवळ राहुड घाटात ट्रकांच्या रांगेशेजारून हा ताफा जाताना तुम्ही पाहिला असेल. पुरुष मेंढ्या घेऊन आडरानाने जातात. तट्टे लादणे, हाकणे, मुक्कामावर उतरवणे, चरायला सोडणे आणि पहाटे शोधून आणणे हे काम बहुतेक बायकांचे. घोडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मिशीवाला स्वार येतो. पण गेली दोनशे वर्षे ही जात जिने सांभाळली, ती डोक्यावर पदर घेऊन लगाम धरून पुढे चालणारी बाई आहे. इतिहासाच्या पुस्तकात तिला ओळ नाही. शिक्षकबंधूंच्या वर्गात वाड्यावरचे एखादे मूल असेल, तर त्याच्या आजीकडून तट्टांची नावे, रंग आणि खोडी लिहून घ्याव्या. असला कागद कोणत्याही दप्तरखान्यात सापडणार नाही.

माळावर वाडा एकटा नसतो. लांडगा असतो. तो कळपाच्या मागे मैलोगणती चालतो आणि चुकार कोकरू उचलतो. धनगरांची कुत्री त्याच्याशी झुंजतात, माणसे आरोळ्या ठोकतात. तरीही कळपात लांडग्याचाही वाटा आहे, अशी समजूत जुन्या मंडळींत आढळते. इंग्रज सरकारला असा वाटा मंजूर नव्हता. लांडगा मारणाऱ्यास बक्षीस ठेवले गेले. 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत बक्षिसापायी मारलेल्या लांडग्यांची संख्या साऱ्या हिंदुस्थानात दोन लाखांवर धरतात. आज देशात लांडगे उरले आहेत ते सुमारे 3,000. 1972 च्या कायद्याने त्यांना संरक्षण मिळाले आहे. आमच्या शेजारच्या येवले तालुक्यात ममदापूरला काळवीट आहेत. 2014 साली तो माळ काळविटांसाठी राखीव झाला. खोकड, तितर, लावे हीदेखील याच गवतातली वस्ती. तट्टू, मेंढी, काळवीट आणि लांडगा यांचे घर एकच आहे.

त्या घरावरच घाला आला, आणि तो लांडग्याने घातलेला नाही. सारा देत नाही ती जमीन पडीक, असा हिशेब इंग्रजी दप्तराने घातला आणि माळ ‘पडीक’ ठरला. मग त्यावर कोणी झाडे लावली, कोणी तो नांगरला, कोठे कारखाने उभे राहिले. झाडे लावणे चांगलेच, पण गवताळ माळावर गिरिपुष्प लावून जंगल होत नाही, गवत मात्र जाते. कांदा, द्राक्ष आणि उसाच्या शेतांमध्ये माळाचे तुकडे आता बेटांसारखे उरले आहेत. वाडा एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातो, आणि मधली वाट दरसाल अरुंद होते.

2024 साली भीमथडीच्या घोड्याला स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदवहीत जागा मिळाली. मारवाडी, काठेवाडी यांच्या पंक्तीला आपले तट्टू बसले. ही आनंदाची गोष्ट आहे. बाजारात मात्र भाव उंचीला आहे. तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत उंच मारवाडी घोडे लाखांच्या किमतीला जातात, त्यांच्यापुढे गर्दी उभी राहते. नोंदवहीने तट्टाला नाव दिले, गवत दिलेले नाही.

काही वाड्यांनी आता बिऱ्हाड वाहायला छोटा टेम्पो घेतला आहे. त्यात काही वावगे नाही. बाईच्या पायांची चाल वाचते, पोर सावलीत बसते. पण टेम्पो डांबरी रस्त्यापुढे जात नाही आणि मेंढ्या रस्त्यावर चरत नाहीत. तेव्हा टेम्पो गावाशी उभा राहतो आणि तेथून पुढे माळापर्यंत वाघरी, पाणी आणि पीठ घेऊन एखादे तट्टू जाते. टेम्पो असलेल्या वाड्यावरही म्हणून एक-दोन तट्टे ठेवलेली दिसतात.