शरबत, शराब आणि श्रब

नववीच्या वर्गात उर्दूच्या तासाला एका मुलाने विचारलं, "सर, शरबत आणि शराब एकाच घरातले शब्द आहेत का?" वर्ग हसला. मी "हो" म्हणालो आणि फळ्यावर तीन अक्षरं लिहिली: शीन, रे, बे. अरबीत या धातूचा अर्थ पिणे. शराब म्हणजे मुळात नुसतं पेय. फारसी-उर्दूत त्याला मद्याचा अर्थ चिकटला. मधल्या सुट्टीत एक सहकारी म्हणाले, "मुलांना हे कशाला सांगता? घरी जाऊन काय बोलतील?" तेव्हा मी गप्प बसलो. ते उत्तर आज देतो.

हाच शब्द पुढे युरोपात पोचला. त्यातून इंग्रजीत 'सिरप' आणि 'शर्बेट' आले, आणि 'श्रब'ही आला. हा श्रब म्हणजे झुडूप नव्हे. 17व्या-18व्या शतकात इंग्रजांच्या घरी फळांचं एक मद्य बनायचं, त्याचं हे नाव. लिंबाचा किंवा संत्र्याचा रस आणि साल ब्रँडीत किंवा रममध्ये मुरत ठेवायची, साखर घालायची, गाळून बाटल्या भरायच्या. फळांचा मोसम थोडे दिवस टिकतो. मद्य आणि साखर यांमुळे रस नासत नाही, आणि सालीतलं सुवासिक तेल मद्यात उतरतं. म्हणजे हेतू आपल्या लोणच्या-मुरंब्याचाच होता.

अमेरिकेचे मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांच्या कागदपत्रांत संत्र्याच्या श्रबची कृती सापडते. एक गॅलन रम, दोन क्वार्ट म्हणजे अर्धा गॅलन संत्र्याचा रस, दोन पौंड साखर. साखर आधी रसात विरघळवायची, मग रम मिसळायची. पिंपात भरून चांगलं हलवायचं आणि तीन-चार आठवडे ठेवायचं. वरचं नितळ बाटल्यांत भरायचं. तळाचा गाळही टाकायचा नाही, तो कागदातून गाळून घ्यायचा.

आता या कृतीतले शब्द पाहा. 'ऑरेंज'च्या मागे अरबी नारंज, त्यामागे फारसी नारंग, आणि त्याहीमागे आपलं संस्कृत नारंग. 'शुगर'च्या मागे सुक्कर, शकर आणि शर्करा. 'श्रब'च्या मागे शराब. एका इंग्रजी पेल्यात संस्कृत, फारसी आणि अरबी शेजारी बसल्या आहेत. शब्दांना धर्म चिकटवून भांडणाऱ्यांनी हा पेला एकदा, न पिता, नुसता वाचावा.

पण या पेल्यात कडू भागही आहे. रम बनते उसाच्या मळीपासून. त्या काळी ती मळी येत असे कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांतून, आणि तिथं राबत होते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. फ्रँकलिनच्या काटकसरी कृतीत त्यांचा उल्लेख नाही. पाककृतीत तो कधीच नसतो, म्हणून इतिहास शिकवावा लागतो.

पुढे 19व्या शतकात अमेरिकेत दारूबंदीची चळवळ वाढली, तेव्हा बिनदारूच्या श्रबला मान मिळाला. रमऐवजी व्हिनेगर म्हणजे सिरका. रास्पबेरीसारखी फळं सिरक्यात मुरवायची, साखर घालायची आणि पिताना थंड पाणी मिसळायचं. नाव तेच राहिलं. शरबतातून निघालेला शब्द रममधून फिरून पुन्हा शरबताकडे आला.

हे वाचताना मला नानीची बरणी आठवली. जूनमध्ये ती जांभळाचा सिरका घालायची आणि पोट बिघडलं की चमचाभर पाण्यात द्यायची. गेल्या पावसाळ्यात मी जांभळं सिरक्यात मुरवली, आठवड्याने गाळून साखर घातली. आधी जिभेवर तुरट, मग आंबट, शेवटी गोड. मुलीने दुसरा पेला मागितला.

रमच्या श्रबची चव मी सांगू शकत नाही. ती मी घेतलेली नाही आणि घेणारही नाही. पण जे आपण पीत नाही त्याचा इतिहासही शिकवायचा नाही, हे मला पटत नाही. मुलं घरी जाऊन बोलतील, ही माझ्या सहकाऱ्यांची भीती. बोलू देत. शराब हराम का, हे घरी कळेल. तो शब्द कुठून कुठे गेला, हे शाळेत कळायला हवं.

पुढच्या तासाला फळ्यावर फ्रँकलिनची कृती लिहिणार आहे.